सटवाजीमामाचा भंडारा

सटवाजीमामा आणि मी एकाच गावचे, पण आमची खरी ओळख झाली ती भांडणातून. मी तेव्हा जिंतूर-परभणी गाडीवर कंडक्टर होतो. बोरीच्या थांब्यावर हा माणूस चढला. अंगावर काळी घोंगडी, आणि घोंगडीच्या आतून बारीक ओरडण्याचा आवाज. मी विचारलं, मामा, आत काय हाय? म्हणाला, लेकरू. घोंगडी बाजूला सारली तर काल-परवा जन्मलेलं कोकरू. मी लगेजचं तिकीट फाडायला लागलो तर म्हणाला, लेकराला तिकीट नसतंय. अख्खी गाडी हसायला लागली आणि सगळी त्याच्या बाजूनं झाली. मीही हट्टाला पेटलो. शेवटी त्यानं कनवटीचे पैसे काढून दिले, तिकीट कोकराच्या गळ्यातल्या दोऱ्यात नीट अडकवलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "सरका जरा. ह्याचं तिकीट हाय."

परभणीपर्यंत कोकरू सीटवर बसून आलं आणि मी माझ्याच गाडीत उभा. तेव्हापासून त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. कंडक्टर म्हणायचा. पुढं त्याच्या कळपातल्या एका बोकडालाही त्यानं तेच नाव ठेवलं, कारण काय तर तो ज्याच्या-त्याच्या पाटीत तोंड घालतो. मेंढ्यांतला सगळ्यात आडमुठा नर होता त्याचं नाव सरपंच. गावात निवडणूक होऊन सरपंच बदलला की कळपातला सरपंचही बदलायचा. जुन्याला तो माजी म्हणायचा. मी रिटायर होऊन गावात येऊन बसलो तेव्हा कळपात दोन माजी होते.

मामा माळावरच्या खंडोबाचा पुजारी. देऊळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. चार दगडी खांब, वर पत्रा, समोर एक दगडी कुंडी आणि एक वाकडा बेल. त्याच्या बापाकडं पूजा होती, आजाकडं होती, तशी ती त्याच्याकडं आली. सकाळी देवाला पाणी घालायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि मेंढरं घेऊन माळावर पांगायचं, एवढीच त्याची हयात. जमीन म्हणून त्याच्याकडं बोटभर नव्हती. त्याचं काय अडत नव्हतं त्यानं. समोर अख्खा माळ होता. अर्धा गायरान आणि अर्धा गावातल्या मोठ्या कास्तकारांचा बरड तुकडा, ज्यात कुसळाशिवाय काही येत नव्हतं आणि ज्याच्याकडं मालक वर्षानुवर्षं फिरकत नव्हते.

एक गोष्ट तो कधी करायचा नाही. मेंढरं मोजायचा नाही. संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना नुसता बघत उभा राहायचा आणि एक कमी असलं तरी त्याला कळायचं, पण आकडा तोंडातून निघणार नाही. मेंढरं किती हायेत मामा, असं कुणी विचारलं की म्हणायचा, हायेत देवाच्या दयेनं. फार खोदलं तर म्हणायचा, मोजलेलं मेंढरू लांडग्याचं. त्याच्या बापाला एकदा कुणीतरी मोजायला लावलं होतं म्हणे, आणि त्याच वर्षी रोगानं कळप अर्धा झाला. आता ह्यात खरं काय, खोटं काय, मला माहीत नाही. मी आयुष्यभर पॅसेंजर मोजले, माझी काही माणसं त्यापायी कमी झाली नाहीत. पण ह्या एका श्रद्धेनं त्या माणसाचा किती मोठा घात केला ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माळावर पवनचक्क्या येणार अशी हवा झाली तेव्हा कंपनीचे एक साहेब गावात आले. शाळेच्या पटांगणात सभा भरली. साहेब चांगला माणूस होता, उगाच कशाला खोटं बोलू. हसतमुख, नीट समजावून सांगणारा. म्हणाले, ही स्वच्छ वीज आहे, धूर नाही, कोळसा नाही. सरकारही मागं उभं आहे. करात सूट आहे, कर्जाला मदत आहे, गायरान नाममात्र भाड्यानं मिळणार आहे, आणि वर जायला पक्का रस्ता सरकारच करून देणार आहे. रस्त्याचं ऐकून बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मामाच्या वस्तीकडं जाणाऱ्या त्याच वाटेसाठी गावानं किती अर्ज केले होते ते गावालाच ठाऊक. पावसाळ्यात बाळंतीण बाजेवर घालून न्यावी लागायची.

मामा मागं भिंतीला टेकून बसला होता. उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, वारा तर फुकट हाय न्हवं? मंग सरकार पैशे कशाचे द्यायलंय?"

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, मामा, वारा फुकट आहे पण खांब फुकट नाही. सुरुवातीला कुणीतरी हात दिल्याशिवाय एवढा पैसा कोण घालणार? देशाला वीज तर लागणारच ना? उत्तर वाईट नव्हतं. मला पटलंसुद्धा. माझ्या घरात पंखा आहे, तो काही मामाच्या मेंढरांवर फिरत नाही. पण मामा खाली बसेना. म्हणाला, मेंढरूबी धूर सोडत न्हाई साहेब, त्याला कामून द्यायलं न्हाई? झालं, सभा खदखदा हसली. साहेबांना हसली असं वाटलं असेल तुम्हाला, तर तसं नाही. मामाला हसली. मेंढ्यांच्या सरकारी योजनेसाठी हा माणूस जिंतूरला चकरा मारून मारून थकला होता आणि दर वेळी निधी आला नाही असं ऐकून परतला होता, हे त्या पटांगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी हसले.

पुढं सर्वे करायला माणसं आली. गायरानावर कोणाची किती जनावरं चरतात, ते लिहून घ्यायचं होतं. मामाकडं आले, विचारलं, मेंढ्या किती? मामा म्हणाला, हायेत देवाच्या दयेनं. त्यांनी पुन्हा विचारलं, ह्यानं पुन्हा तेच. कळप समोर चरत होता, पण पांगलेला, अर्धा ओढ्यात, अर्धा बोरीच्या झुडपांत. त्यांनी दोन-तीनदा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. मी तिथंच होतो. मी म्हणालो, अरे मामा, आकडा सांग, हे लोक कामाचे हायेत. तर माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी लांडग्याचाच माणूस. लिहून घेणाऱ्या माणसाचा तरी काय दोष? त्याच्या रकान्यात आकडा बसतो, देवाची दया बसत नाही. पुढं ग्रामपंचायतीत वाचून दाखवलं तेव्हा कळलं, गायरानावर नियमित चराई होत नाही असं लिहिलंय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.  दोन दिवसांनी चंपाषष्ठीला, सगळा गाव माळावर देवाला जमलेला असताना, मामानं ताटात बेल आणि भंडारा घेतला आणि ताट देवासमोर ठेवलं.

आमच्याकडं कोर्टाच्या कागदाला मान नाही एवढा बेलभंडाऱ्याला आहे. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर देव बघून घेतो, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मामा म्हणाला, ज्याला माळ राखायचा हाय त्यानं उचलावा. शब्द त्यानंच सांगितले: माळ चक्कीला देणार न्हाई, चक्कीच्या रस्त्यानं जाणार न्हाई. इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण माणूस भरात आला की जिभेला लगाम राहत नाही. म्हणाला, आनि चक्कीच्या पैशाचं अन्न खाणार न्हाई.

सगळ्यात आधी उचलला रंगनाथरावांनी. माळावरचे सगळ्यात मोठे तुकडे त्यांचे. ताठ मानेनं पुढं आले, मूठ भरली आणि म्हणाले, देवाच्या डोंगरावर लोखंड चढू देणार नाही. त्यांच्यामागं बाकीचे. मामाचा मुलगा बालाजी होता, त्यानंही उचलला, आणि शेवटी मामानं स्वतः उचलला. मी पुढं झालो तर मामा म्हणाला, तुझ्याकडं द्यायला काय हाय रे कंडक्टर? तू साक्षीला ऱ्हा. हसत म्हणाला. त्या दिवशी तो फार खुशीत होता. एवढा मोठा माळ सगळ्यांनी मिळून आपल्या पदरात घातला असं त्याला वाटलं असणार.

मला तेव्हाही शंका होती आणि पुढं ती खरी ठरली. तो विरोध नव्हता. भाव होता. गाव अडून बसलंय म्हटल्यावर कंपनीनं भाडं वाढवलं. गाव आणखी थोडं अडलं, कंपनीनं आणखी थोडं वाढवलं. मामाचा खंडोबा मध्ये उभा राहून ह्यांचा सौदा करून देत होता आणि मामाला पत्ता नव्हता.

आता भंडारा उचलला तर तो उतरवायचाही दस्तूर आमच्या गावात आहे. कुठल्यातरी जुन्या दुष्काळात पडला म्हणतात. गाव सोडणार नाही असा भंडारा उचललेली माणसं अन्नाविना मरायला लागली, तेव्हा त्या वेळच्या पुजाऱ्यानं ही वाट काढली. शब्द मोडणाऱ्यानं साक्षीदाराला घेऊन देवळासमोरच्या कुंडीवर हात धरायचे. पुजाऱ्यानं हातावर तांब्यानं पाणी घालत विचारायचं, कशापायी मोडला? त्यानं म्हणायचं, पोटापायी. मग पुजाऱ्यानं म्हणायचं, पोटाला देव आडवा येत न्हाई, जा, सुटलास. पुजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. पाणी देवाचं, ते अडवलं तर पाप पुजाऱ्याच्या माथी. आणि त्याचा स्वतःचा भंडारा त्याला स्वतःला उतरवता येत नाही. तांब्या दुसऱ्याच्या हातात गेला तरच.

पहिले आले रंगनाथराव. उचलायला पहिले, उतरवायला पहिले. गाडी माळाच्या पायथ्याशी उभी केली, मला घरून घेतलं आणि वर आले. बोटात अंगठ्या, त्या काढायचंही सुचलं नाही. कुंडीवर हात धरले. मामा त्यांच्याकडं बघत राहिला. मग पाणी घालायला लागला आणि ठरलेलं विचारलं. रंगनाथराव म्हणाले, पोटापायी.

ज्याच्या घरचं उरलेलं अन्न गडीमाणसं खाऊन पुन्हा कुत्र्यांना उरतं, तो माणूस सकाळच्या पारी देवासमोर उभा राहून पोटापायी म्हणतो! मला वाटलं आता कुंडीला तरी तडा जाईल. कसला तडा. मामा म्हणाला, पोटाला देव आडवा येत न्हाई, जा, सुटलास. रंगनाथरावांनी हात धोतराला पुसले, दक्षिणा टाकली आणि उतरून गेले. ते गेल्यावर मी मामावर तोंड सोडलं. म्हणालो, हातातला तांब्या पडला का न्हाई रे तुझ्या? म्हणाला, "पाणी देवाचं हाय. मी नुसता नळ."

मग रांगच लागली. कुणी मान खाली घालून आलं, कुणी हसत आलं. दोघं भाऊ, ज्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं, ते त्या दिवसापुरते एका मोटारसायकलवर आले. एकानं पुण्याहून फोन केला की यायला सुट्टी नाही, व्हिडिओवर उतरवता येईल का. मामा म्हणाला, कुंडी फोनात बसत न्हाई. तेवढा एकदा मी हसलो. प्रत्येक वेळी साक्षीला मी, प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि तेच पोट. ह्या गावाला इतकं मोठं पोट आहे हे मला रिटायर होईपर्यंत माहीत नव्हतं. मामानं एकालाही परत पाठवलं नाही, एकालाही टोचून बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर एकेकाला कुंडीत बुडवलं असतं.

रस्ता झाला. गावानं इतकी वर्षं मागितलेला रस्ता, चक्कीची लांबलचक पाती आणणाऱ्या गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून बघता बघता झाला, तोही असा रुंद की दोन बैलगाड्या शेजारून जाव्यात. गाव त्यावरून फटफट्या उडवायला लागलं. मामा रस्त्याच्या कडेनं चालायचा. रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. खडी, बाभळीचे काटे, चर, सगळ्यातून वाट काढत चालायचा आणि मेंढरंही त्याच्यामागं तशीच. पोरं टोरं थट्टा करायची, मामा, डांबर काय चावतंय का? तो म्हणायचा, चावतंय.

माळाला ठिकठिकाणी तारांची कुंपणं पडली. चक्क्यांच्या पायथ्याला, केबलच्या चरांवर जनावर नको म्हणाले. कळप विकत विकत कमी झाला. एक दिवस आजचा सरपंच गेला, मग दोन्ही माजी गेले. मेंढरांवर चालणारं घर, मेंढरं गेल्यावर कशावर चालणार? बालाजीला दोन लेकरं. कंपनीला वॉचमन पाहिजे होता आणि माळाची वाट न वाट जाणणारा दुसरा कोण होता?

बालाजी मला बोलवायला आला. मी चप्पल घातली. वर मामा देवळात बसला होता. आम्हाला बघितल्यावर त्याला सांगायची गरज पडली नाही. उठला, तांब्या भरला. बालाजीनं हात धरले. मामानं पाणी घालायला सुरुवात केली, पण विचारेना. पाणी संपलं. त्यानं पुन्हा तांब्या भरला आणि मग विचारलं, कशापायी मोडला?

बालाजी म्हणाला, पोटापायी.

एवढ्या सगळ्या माणसांत त्या एकट्यानं खरं सांगितलं. मामाला ते माझ्याआधी कळलं. पुढचे ठरलेले शब्द त्याला जमेनात. शेवटी म्हणाला, जा लेकरा. आणि ओला तांब्या त्याच्या हातात दिला. म्हणाला, आजपासून देवाचं तू बघ. माज्या हातून आता हे पाणी पडायचं न्हाई.

मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. तांब्या लेकाकडं गेला, आता लेकच बापाचा भंडारा उतरवील. मी कंडक्टर माणूस, मला वाटलं तिकीट फाडलं की प्रवास सुरू. पण मामानं त्या दिवशीपासून घरी जेवणं बंद केलं. घरात येणारा पगार चक्कीचा, म्हणजे भाकर चक्कीची. गावातून देवाला नैवेद्य यायचा, तोही तो घेईना, कारण गावातल्या कोणत्या ताटाखाली चक्कीचं भाडं नाही? सून ताट घेऊन देवळात यायची, रडायची. तो म्हणायचा, तू रडू नको माय, तुजी काय चूक हाय? आणि ताट परत पाठवायचा. बालाजीनं गयावया केली, कुंडीवर चला म्हणाला. मामा म्हणाला, बघू. काही दिवस माझ्याकडं जेवला. माझी पेन्शन, तीही चक्की यायच्या आधीची. पण एखाद्याच्या दारात रोज जेवायला बसणं त्याला कसं पटणार? एका सकाळी घोंगडी घेऊन तो निघून गेला.

एका नात्यातल्या तेरवीला मी वालूरला गेलो होतो. येताना रस्त्याच्या कडेच्या वावरात मेंढरं बसवलेली दिसली, आणि बांधावर घोंगडी पांघरून बसलेला माणूस. मी ओळखला. तिथल्या एका घराची मेंढरं राखत होता, दाण्यावर आणि दोन वेळच्या भाकरीवर. वाळला होता, पण मला बघून उठला. म्हणाला, कंडक्टर, तिकीट दाखवू का?

माझ्याजवळ घरून आणलेली भाकर होती. सोडली. त्यानं हात पुढं केला आणि तसाच थांबला.

"ह्यात वारा हाय का?"

मी म्हणालो, "न्हाई मामा. पेन्शनची हाय."

मग जेवला. मी त्याला गावाकडचं सांगितलं. बालाजी देवाचं नीट करतो, ड्युटी संपली की रोज पाणी घालतो. लेकरं आजा कुठं म्हणून विचारतात. मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, मामा, चल गावाला. तांब्या लेकाच्या हातात हाय, मी साक्षीला हाय. एक शब्द म्हणायचाय रे, अख्ख्या गावानं म्हटला. रंगनाथरावांना जमला, तुला काय जड हाय?

त्यानं भाकरीचं फडकं झटकलं, घडी केली आणि माझ्या हातात दिलं.

"म्हणलो असतो रे. पण हितं दोन टाइम भाकर भेटायलीय मला. पोट भरायलंय. मंग पोटापायी कसं म्हणू? देवाम्होरं लबाड बोलावं लागंल."

  मी म्हणालो, अरे, मग उपाशी राहून ये. तो हसला. म्हणाला, तेबी केलं असतं, पण ह्या मेंढरांचा जिम्मा घेतलाय.

तेवढ्यात लांब एक मेंढी कळप सोडून कुणाच्या तरी तुरीकडं निघाली होती. त्याचं लक्ष तिकडं गेलं. माझा निरोपही न घेता तो काठी उचलून चालायला लागला आणि मी फडकं हातात घेऊन बांधावर उभा राहिलो. मेंढरं किती आहेत ते मी सवयीनं मोजायला लागलो होतो. मग माझं मलाच कळलं आणि मी मोजायचं सोडून दिलं.